मोरी नसलेली खोली

३ ऑक्टोबर २०२५

योगिनीस,

मंजुळाबाईचा आशीर्वाद. तब्येतीचं इचारत न्हाई. वाकडात अकराव्या मजल्यावर ऱ्हातीस म्हंजी हवा तरी चांगली असंल.

माझे कान गेल्यापासनं फोनवर माशी भनभनल्यागत ऐकू येतं. आन तुझी काकू नीला फोन माझ्या कानाला लावताना आपला बी कान लावती. म्हनून कागद. तनुच्या वहीची पानं फाडलीत. आता तिला वही लागनार न्हाई म्हनत्यात. का, तेच सांगायला बसले. आपल्या वाडीतला नवनाथ कंपनीची बस घेऊन सकाळच्या शिफ्टची मान्सं न्यायला तुझ्या गेटावरनंच येतो. वॉचमनकडं कागद ठेवील. जवाब बी त्याच्याकडंच दे. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, नाक मुरडू नको.

काल दसरा झाला. समद्या जगानं सोनं वाटलं आन तुझ्या सोपानकाकानं तनुचं दप्तर टँकरच्या केबिनीत टाकून वर कुलूप घातलं.

झालं असं. गेल्या म्हैन्यात शाळेत डोळ्याला लावायचा डबा आला. घोड्याला झापड लावत्यात तसा. त्यात म्हनं पार्टी दिसती, कुनीतरी दारूचा ग्लास पुढं करतं, आन पोरांनी न्हाई म्हनायला शिकायचं. तनु उड्या मारत घरी आली. ‘आज्जी, योगिनीताईच्या कंपनीचा डबा आलाय!’ मी म्हनलं, घरात एक तरी शानी निघाली.

मग दसऱ्याच्या आदल्या दिशी शाळेतनं पाकीट आलं. आत छापील चिट्टी. ‘विद्यार्थिनीने आभासी प्रसंगात मद्याचा पेला स्वीकारला. धोक्याची पातळी : जास्त. पालकांना कळवावे.’ सोपाननं ती तीनदा वाचली. म्हनाला, ‘डब्यात पिती ती भाईर काय करंल?’ तनु रडून सांगती मी पिले न्हाई. तो म्हनतो, मशीन खोटं बोलत न्हाई.

तनु दहावीला हाय. फॉर्मवर बापाची सही लागती आन आठ नोव्हेंबरला दुपारी एक वाजता शाळेची मुदत सपती. सोपान म्हनतो सही करनार न्हाई. पोरीला जुन्नरला सोजराआत्याकडं धाडतो, तिच्या दिराच्या पोराशी बोलनी करून ठिवतो, अठरा झाली की बार उडवू. त्यानं बोललेलं खरं केल्याबिगर भाकरी गोड लागत न्हाई त्याला. तुला ठावं हाय.

तनुचा भाऊ गणराज त्याच शाळेत, अकरावीला. तो सोताच हसत सांगतोय की त्यानं डब्यात तीन ग्लास रिचवले. त्याचं पाकीट आलं न्हाई. टपालाचा घोळ असंल, व्हय?

पोरगी म्हनती पिले न्हाई, तुझा डबा म्हनतो पिली. खोटं कोन बोलतं तेवढं कळीव.

मंजुळाबाई
(सही हाय, अंगठा न्हाई)


६ ऑक्टोबर

प्रिय आज्जी,

नमस्कार. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण आधी थोडं समजून घे.

चिठ्ठीत ‘प्यायली’ असं कुठेच लिहिलेलं नाही. ‘स्वीकारला’ असं आहे. हेडसेटमध्ये हाताची हालचाल नोंदवली जाते. तनूने ग्लास हातात घेतला, हे खरं आहे. मी इथून तपासलं. त्यात चूक होत नाही, तीनशे मुलांवर चाचण्या घेतल्या आहेत. तिला शिक्षा व्हावी म्हणून हे केलेलं नाही. ज्यांना मोह होतो त्यांना वेळेवर मदत मिळावी, एवढाच हेतू आहे. इकडे चौदा-पंधरा वर्षांची मुलं सोसायटीच्या गच्चीवर बाटल्या घेऊन बसतात गं, तुला कल्पना नाही.

रिपोर्ट शाळेच्या समुपदेशक बाईंकडे जातात. मुलांचेही, मुलींचेही. पुढे काय करायचं ते शाळा ठरवते. त्यात आमचा हात नसतो. आणि मी टीममध्ये अगदी छोटी आहे.

काकांशी मी बोलले तर ते अजून बिथरतील. तूच त्यांना शांतपणे समजाव. तनूला म्हणावं, घाबरू नकोस, पण जे झालं ते मान्य कर. मान्य केलं की सगळं सोपं होतं.

तुझी,
योगिनी


९ ऑक्टोबर

योगिनीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यानं, मग अकलेनं. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यात काय बी ऱ्हायलं न्हाई.

मान्य कर म्हनतीस ना? तर मी तनुला कांदे निवडायला बसवली आन इचारलं, ‘खरं सांग, ग्लास घेतलास का?’ म्हनाली, ‘घेतला.’ मी म्हनलं, ‘कशाला?’ म्हनाली, ‘आज्जी, ओतायला.’

मी कांद्याची पाटी बाजूला सारली.

म्हनाली, ‘तीनदा न्हाई म्हनले. ती पोरं परत परत पुढं येत व्हती. मग मी ग्लास घेतला आन मोरी शोधाय लागले. मोरी कुठंच नव्हती. तेवढ्यात समदं काळं झालं.’

आता हे तिला कुनी शिकवलं ते तुला सांगाय नको. तुझा आज्जा कोंडीराम शनवारी बाटली घेऊन बसायचा, तवा मी काय करायची? हात जोडायची न्हाई, रडायची न्हाई, शपथा घालायची न्हाई. हसत जायची, ‘द्या, मी भरून आनते’ म्हनून ग्लास घ्यायची आन मोरीत ओतून वर तांब्याभर पानी मारायची. मग ग्लासात ताक. पहिल्यांदा मारलं त्यानं. दहाव्यांदा हसला. न्हाई म्हनून दारू कमी झालेली मी बघितली न्हाई गं. ओतली की व्हते. सोपानची रविवारची बाटली बी मी तशीच ओतते, समद्या घराला ठावं हाय. तनु पाच वर्साची असल्यापासनं तांब्या घेऊन माझ्या मागं उभी ऱ्हायलेली हाय.

म्हंजी ती चिट्टी माझ्या नावानं यायला पायजे व्हती.

आन दुसरं. परवा वाडीत घरोघर फिरून आले. गुडघ्याला तेल लावून गेले, पन गेले. दहावीच्या अकरा पोरींच्या घरी पाकिटं आलीत. ज्योतीरामनं पोरीला दोन दिस कोंडून घातली व्हती, तिसऱ्या दिशी तिच्या आईनं कडी काढली. पोरांच्या घरी किती पाकिटं आली? एक बी न्हाई. डब्यात पिलेल्या पोरांची नावं पोरंच छाती फुगवून सांगत्यात, आन पाकीट न्हाई. समुपदेशक बाईकडं समद्यांचे कागद जात्यात म्हनतीस. मग पोरींच्याच कागदांना पाय फुटून ते घरी कसे आले?

पंधरा तारखेला शाळेत पालकांना डबा दावनार हायत. मी जाते. तोवर खरं लिव्ह.

मंजुळाबाई


११ ऑक्टोबर

आज्जी,

तू शाळेत जाऊ नकोस. प्लीज.

खरं लिहिते. मागचं पत्र पूर्ण खरं नव्हतं. मुलींचे रिपोर्ट घरी पाठवायचे, हे आमच्याच मीटिंगमध्ये ठरलं. ज्या संस्थेने हे काम दिलं त्यांचे एक सर म्हणाले, ‘मुलगा प्यायला तर ती सवय असते, मुलगी प्यायली तर घटना होते. घटना घरी कळवावी लागते.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. टेबलावर आठ जण होते, मुलगी मी एकटी. मी काही बोलले नाही. मीटिंगचे मुद्दे लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, तर ते वाक्य मी नीट लिहून घेतलं. बास.

तनू ग्लास ओतायला घेईल, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. तिथे ‘घेतला’ आणि ‘नाही म्हणाली’, एवढ्या दोनच नोंदी आहेत. हे बदलता येईल, पण आत्ता नाही. दिवाळीनंतर चाळीस शाळांचं काम मिळणार आहे. ते मिळालं की मी या कामाची मुख्य होईन. आत्ता जर कळलं की माझ्याच घरच्या मुलीवरून वाद झाला, तर सगळं जाईल. शाळेत कुणाला सांगू नकोस की मी तुझी नात आहे.

आणि काका अगदीच ऐकत नसतील तर एक वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी फॉर्म भरेल. एक वर्ष म्हणजे काही फार नसतं.

योगिनी


१५ ऑक्टोबर

योगे,

एक वर्ष म्हंजी काय असतं ते मी सांगते. मला चौथीला बसवायच्या वर्सी आई म्हनाली, भाऊ ल्हान हाय, एक वर्स घरी ऱ्हा. ते वर्स अजून संपलं न्हाई. म्हनून माझं अक्षर असं हाय.

आज शाळेत गेले. तू माझी नात हाय हे कुनाला सांगितलं न्हाई, मला बी त्यात काय मोठेपना वाटला न्हाई.

हेडबाई म्हनल्या, आज्जी तुमाला चक्कर येईल. मी म्हनलं, मी सात बाळंतपनं केलीत, लावा डबा. आधी डबा इचारतो मुलगा का मुलगी. मी म्हनलं, एवढी वर्सं बाई झाले, आज मुलगा करा.

पोरांची गच्ची झ्याक हाय. वारं सुटलंय, खाली रस्ता दिसतो. पोरगा न्हाई म्हनाला की एक दोस्त त्याची बाजू घेतो. जिना हाय, खाली उतरता येतं, खाली क्रिकेट चाललंय. फोन हाय, भावाला बोलावता येतं. पिला तर दुसऱ्या दिशी डोकं दुखतं आन मॅच हुकती. एवढंच. मॅच!

मग म्हनलं, आता मुलगी करा.

खोली. बंद. गानी. पोरं ‘घे ना गं, घे ना गं’ म्हनत अंगावर येत्यात. न्हाई म्हनलं, परत आली. परत न्हाई म्हनलं, परत आली. मी वळून बघितलं, दार न्हाई. जिना न्हाई. फोन हाय, पन तो फक्त शेवटाला वाजतो. आन त्यात कोन दिसतं? बाप. खाली मान घातलेला. पोरीला मळमळतंय का, तिच्या अंगाला कुनी हात लावला का, हे इचारायला कोन बी येत न्हाई. नुसती बापाची मान.

आता नीट वाच.

त्या खोलीला पिवळा पडदा हाय. पडद्यावर मोर. कोपऱ्यात पत्र्याचं कपाट, त्याच्यावर फुटका आरसा. मी डबा काढला आन पानी मागितलं. हेडबाईंना वाटलं चक्कर आली.

ही खोली मी बघितलीया. आळंदी रस्त्याला तुझ्या मैत्रिनीचं घर. तू सोळा वर्साची, तिचा वाढदिवस. त्यांच्या घरी भांडी घासनाऱ्या बाईनं मला सांगावा धाडला आन मी भर दुपारी सहा आसनी रिक्षानं आले. तू त्या पडद्याखाली बसली व्हतीस, वकून वकून पांढरी झालेली, आन दोन पोरं भाईर दात काढत उभी. घरी तीन दिस ‘पोरीला हगवन लागलीया’ म्हनून सांगितलं. तुझ्या बापाला, हिंदुरावाला, आजतागायत ठावं न्हाई. सोपानला न्हाई. तुझं पाकीट माझ्याकडं आलं व्हतं, योगे. मी ते मोरीत ओतलं आन वर पानी मारलं. म्हनून तू आज अकराव्या मजल्यावर हायस.

टीममध्ये छोटी हाय म्हनालीस. ती पोरींची खोली तूच केलीयास. दुसऱ्या कुनाला ते मोर कसे ठावं?

एवढंच सांग. त्या खोलीला दार व्हतं. मोरीकडनं मागचं दार. त्याच दारातनं मी तुला काखंत धरून काढली. मोर ध्यानात ऱ्हायले, कपाट ऱ्हायलं, आरसा ऱ्हायला. दार कुठं गेलं?

मंजुळाबाई


२६ ऑक्टोबर

दिवाळी सरली. भाऊबीजेला तू आली न्हाईस. गणराज ओवाळून घ्यायला पाटावर बसला तवा तनु म्हनाली, ‘दादा, तुझं पाकीट कधी येनार?’ सोपाननं ताट लोटलं. सोजरा नऊ तारखेला पाव्हनं घेऊन येतीय. दप्तर अजून टँकरातच फिरतंय, चाकनला निम्म्या कंपन्यांना पानी पाजून आलं असंल.

जवाब दे न्हाईतर नको देऊ. पन नवनाथ रोज इचारतो, मला लाज वाटती.

मं.


२९ ऑक्टोबर

आज्जी,

तुझं पंधरा तारखेचं पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय. दिवाळीला मुद्दाम आले नाही.

खोली मीच केली. सर म्हणाले होते, मुलींचा प्रसंग भीतीचा हवा, मुली भीतीनेच शिकतात. मी घरी येऊन लिहायला बसले आणि ती खोली आपोआप आली. दार मी मुद्दाम वगळलं असं नाही गं. मला खरंच आठवलं नाही. मला फक्त आठवतं की बाबांना कळलं तर काय होईल. त्या दोन पोरांचे चेहरेसुद्धा आठवत नाहीत, बाबांची न झुकलेली मान मात्र झुकलेली आठवते. तू मला कुठून बाहेर काढलंस, हे मी नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तुझं पत्र वाचेपर्यंत.

काल साहेबांकडे गेले. म्हटलं, अकरा मुलींचे रिपोर्ट मागे घेऊ, प्रसंग चुकला आहे. ते म्हणाले, ‘चाळीस शाळांच्या तोंडावर?’ आणि लॅपटॉपकडे वळले.

मी काकांना फोन करू का? सगळं सांगते. माझंही.

योगिनी


१ नोव्हेंबर

योगे,

तुझं काय सांगायचं न्हाई. मी नऊ वर्सं झाकलेलं तू एका फोनात उघडं करनार, आन सोपान काय म्हननार? ‘बघा, शिकलेल्या पोरी अशा असत्यात.’ तनुचं बी गेलं आन तुझं बी.

सोपान बाईचं ऐकत न्हाई. आईचं न्हाई, बायकोचं न्हाई, पोरीचं न्हाई. मशीनचं ऐकतो.

मशीन पाठव.

मंजुळाबाई


४ नोव्हेंबर

आज्जी,

हेडसेट नवनाथभाऊंकडे देतेय, साडीत गुंडाळून. ऑफिसबाहेर न्यायची परवानगी नाही. ‘चाचणीसाठी’ असं लिहून माझ्या सहीने बाहेर काढलाय. शुक्रवारी सकाळी परत हवा.

तनूला सगळं येतं. सुरू केल्यावर पहिल्या पाटीवर ‘मुलगी’ निवडायचं. जागा मोकळी ठेवा, माणूस धडपडतो. वायफायला गणराजचा मोबाइल जोडा. निकाल थेट माझ्याकडे येईल आणि मी छापून पाठवीन. मशीनने जे लिहिलं असेल तेच पाठवीन. एक अक्षर बदलणार नाही.

काका लावतील का पण?

योगिनी


६ नोव्हेंबर

योगे,

लावला.

आज दुपारी सोपान जेवून ओसरीवर सुपारी कातरत बसला व्हता. मी डबा त्याच्या पुढ्यात ठिवला. म्हनलं, ‘एवढ्याशा पोरीला जमलं न्हाई म्हनतोस ना? तू न्हाई म्हनून दाव. दावलंस तर सोजराला मी सोता सांगते, पाव्हनं घेऊन ये म्हनून.’

‘दोन मिन्टं बी लागायची न्हाईत,’ म्हनाला. टोपी काढली, डबा चढवला. तनुनं ‘मुलगी’ दाबलं. हा जिंकला असता तर पोरगी मीच गाडीत बसवून दिली असती. शब्द दिलेला.

आधी हसत व्हता. ‘ए पोरांनो, मला नको, मी रविवारीच घेतो.’ मग म्हनाला, ‘मला गं म्हनतोय त्यो!’ गणराज फिदीफिदी हसला. मग सोपानचा आवाज चढला. ‘नको म्हनलं ना? एकदा सांगितलेलं कळत न्हाई? लांब हो. अंगाला हात लावू नको, सांगतोय.’ मागं मागं सरत पिंपावर आदळला. पानी सांडलं. नीला पुढं झाली, मी तिला हातानं थांबवली.

तो गोल फिराय लागला, आंधळी कोशिंबीर खेळल्यागत. दोन्ही हात पुढं. भिंत चाचपतोय. आन म्हनाला, ‘दार कुठंय? आये, दार कुठंय?’

मला कमी ऐकू येतं. हे ऐकू आलं.

मग त्यानं झडप घालून हवेतनं कायतरी उचललं आन हात मागं नेला, धोंडा मारताना नेत्यात तसा. तिथंच डबा काळा झाला असनार, कारन तो थांबला. बापाची मान बघत असंल.

डबा काढला तर कपाळ घामानं भिजलेलं. म्हनाला, ‘मी पिलो न्हाई. त्या भडव्याच्या टकुऱ्यात घालायला घेतला व्हता.’

तनुनं पिंप सरळ केलं.

निकाल पाठव. डबा नवनाथकडं दिलाय, साडी मी ठिवून घेतली.

मंजुळाबाई


७ नोव्हेंबर

आज्जी,

निकाल सोबत आहे. नावं भरायला लागतात, ती मी भरली. बाकी सगळं मशीनचं.

‘विद्यार्थिनी : सोपानराव कोंडीराम. विद्यार्थिनीने आभासी प्रसंगात मद्याचा पेला स्वीकारला. धोक्याची पातळी : जास्त. पालकांना कळवावे. पालक : श्रीमती मंजुळाबाई.’

आज सकाळी शाळेच्या हेडबाईंना मी पत्र दिलं, माझ्या नावाने आणि सहीने. लिहिलं की प्रसंग मी तयार केला, तो चुकीचा आहे, अकराही मुलींचे रिपोर्ट रद्द समजावेत, आणि हे अकराही घरी कळवावं. त्याची प्रत साहेबांना दिली. त्यांनी हेडसेट बाहेर नेल्याबद्दल विचारलं. मी खरं सांगितलं. सोमवारी बोलावलंय. माझं कार्ड गेटवर ठेवून घेतलं.

उद्या काय झालं ते लगेच लिही. एक वाजेपर्यंत माझं कशातच लक्ष लागणार नाही.

योगिनी


९ नोव्हेंबर

योगे,

काल सकाळी नवनाथनं पाकीट दिलं. सोपान चहा पीत व्हता. मी समोर बसले आन चिट्टी मोठ्यानं वाचली. मला मोठ्यानंच वाचता येतं, मनात वाचलं की अक्षरं पळत्यात.

‘विद्यार्थिनी सोपानराव’ म्हनले आन नीलाच्या तोंडातनं चहा उडाला. अठरा वर्सांत ती बाई सासऱ्या-नवऱ्याच्या घरात हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

सोपान म्हनाला, ‘मी फेकायला घेतला व्हता. समद्यांनी बघितलंय.’

मी म्हनलं, ‘मशीन खोटं बोलत न्हाई. दसऱ्याला तूच म्हनालास. खाली लिव्हलंय, पालकांना कळवावे. मला कळवलं. आता तुझं काय करू? टँकर काढून घेऊ का जुन्नरला सोजराकडं धाडू?’

तो उठला. कप तसाच. चिट्टी माझ्या हातातनं वढली, खिशात कोंबली आन टँकर चालू करून गेला. दप्तर केबिनीतच.

साडेअकरा झाले. बारा. तनु उंबऱ्यावर बसून व्हती, मी तिला उठ म्हनलं न्हाई. साडेबाराला ती म्हनाली, ‘आज्जी, जाऊ दे.’ मी म्हनलं, ‘जाऊ दे म्हनायला तू काय म्हातारी झालीस?’ पन माझी बी आस सुटली व्हती. तो गेला की गेला, असा त्याच्या बापाचा गुन.

एक वाजून गेला. दोनला टँकर आला. हा उतरला, पाय धुतले, म्हनाला, ‘वाढा.’ बास. जेवला आन झोपला. केबिनीत बघितलं तर दप्तर न्हाई.

चारला शाळेचा शिपाई सांगत आला. सोपाननं टँकर शाळेच्या गेटात आडवा लावला व्हता, दोन्हीकडनं कंपनीच्या गाड्या ठो ठो हॉर्न वाजवत व्हत्या. एक वाजायच्या आत जाऊन फॉर्मवर सही केली, दप्तर तनुच्या बाकावर ठिवलं आन हेडबाईला म्हनाला, ‘ती खोली आधी दुरुस्त करा, मग पोरींना आत घाला.’ तुझं पत्र हेडबाईंच्या टेबलावर उघडंच व्हतं म्हनं. ते त्यानं उभ्यानं वाचलं. घरी आल्यावर त्यातलं एक अक्षर बोलला न्हाई. मी बी काढलं न्हाई.

सोजरा आज आली. पाव्हनं आनले न्हाईत, पन तोंड आनलं व्हतं. सोपान तिला म्हनाला, ‘दहावी झाल्यावर बघू.’ बघू म्हनाला, न्हाई म्हनाला न्हाई. त्याच्यावर मी नजर ठिवून हाय. तो सुधारला असं लिव्हू नको कुनाला. आज रविवार हाय आन बाटली आनलीयाच त्यानं. फक्त आज ती सोता माझ्याकडं दिली, ‘ठिव’ म्हनून. मी कुठं ठिवते ते त्याला ठावं हाय.

ज्योतीरामच्या घरी हेडबाईंचा कागद आला. पोरगी सोमवारपासनं शाळेत चालली. ऱ्हायलेल्या नऊ घरी जायला अजून एक तेलाची बाटली लागंल.

उद्या तुला साहेबानं बोलावलंय. नोकरी गेली तर रडत बसू नको, हिकडं ये. चाकनच्या बाजारात कांदे निवडायला मान्सं लागत्यात आन तुझा हात चांगला हाय. न्हाई गेली, तर त्या खोलीला दार बसव. मोरी बी कर, तांब्या ठेव.

आन एक. हे मला काल त्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या सुचलं. मी जलमभर ओततच आले. तनुला बी ओतायलाच शिकवलं. तुझा डबा बी तेवढंच इचारतो, पोरीनं घेतला का न्हाई घेतला. ग्लास भरून पुढं कुनी केला, त्याच्या घरी आजवर पाकीट गेलं न्हाई. आळंदी रस्त्याच्या त्या दोन पोरांच्या बी न्हाई.

तेवढं एक पाकीट छाप. पोचवायला नवनाथ नको, मी सोता जाते.

मंजुळाबाई